बावीस अक्षरांचा मुकादम

कर्करोग हा शब्द आता नांदेड-लातूरच्या कोणत्याही गल्लीला अपरिचित राहिलेला नाही. रोग्यास बार्शीला न्यावे, छत्रपती संभाजीनगरला न्यावे की थेट मुंबईस, ही चर्चा घरोघर झालेली आहे. परंतु पेशीच्या आत नेमके काय बिघडते, आणि तो बिघाड शोधण्याच्या कामी हल्ली संगणकाचा उपयोग कसा होतो, याविषयी आपल्याकडे क्वचितच बोलले जाते. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले आणि आयुष्य हमाल-मापाड्यांच्या संघटनेत गेले. तेव्हा आमचे दाखले मोंढ्यातलेच असणार. ते श्रोत्यांनी गोड मानून घ्यावेत.

आडत दुकानातील मूळ वही मुनीम गादीवरून हलवू देत नाही. मजकूर चिठ्ठीवर उतरवून ती चिठ्ठी गोदामात जाते आणि ती पाहून हमाल माल हलवतात. पेशीचा कारभारही असाच आहे. मूळ वही म्हणजे केंद्रकातील डीएनए. त्यातील एकेका जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने बाहेर येते, ती चिठ्ठी. चिठ्ठीबरहुकूम प्रथिने तयार होतात, तो माल. पेशीने वाढावे, थांबावे की मरावे, हे कोणता माल किती तयार होतो यावर ठरते.

पूर्वी समज असा होता की, चिठ्ठी निघाली म्हणजे माल निघालाच. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकून यांनी एका सूक्ष्म कृमीचा अभ्यास करताना दाखवून दिले की, मध्ये आणखी एक जण उभा असतो. अवघ्या बावीस अक्षरांचा एक आरएनए-तुकडा दुसऱ्या जनुकाच्या चिठ्ठीच्या शेपटाला जाऊन चिकटतो आणि तिची अंमलबजावणी रोखतो. ही कृमींचीच खासियत असावी, असे मानून बऱ्याच जणांनी तिकडे दुर्लक्ष केले. पण २००० साली असाच दुसरा तुकडा सापडला, आणि तो माणसातही जसाच्या तसा आढळला. या तुकड्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात. २०२४ साली या शोधास नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्ही त्यास मुकादम म्हणू. हा मुकादम स्वतः माल उचलत नाही; कोणती चिठ्ठी गोदामात जाऊ द्यायची आणि कोणती फाडायची, एवढेच तो पाहतो. त्याच्या बावीस अक्षरांपैकी दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे मुख्यतः ओळख पटवतात. ज्या चिठ्ठीच्या शेपटाशी ही सात अक्षरे जुळतात, ती अडते. त्यामुळे एक मुकादम शेकडो चिठ्ठ्यांवर नजर ठेवू शकतो, आणि एका चिठ्ठीवर अनेक मुकादमांची नजर असू शकते.

याचा कर्करोगाशी संबंध दोन प्रकारे येतो. पहिला प्रकार म्हणजे मुकादमच गैरहजर असणे. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा नाहीसा झालेला असतो. तेथे कोणते जनुक हरवले, याचा शोध शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे घेत होते. २००२ साली जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांना आढळले की, तेथे दोन मायक्रो-आरएनए आहेत. त्यांची नावे मिर-१५ आणि मिर-१६. पेशीला मरू न देणाऱ्या एका प्रथिनाची चिठ्ठी हे दोघे अडवीत असत. मुकादम गेले, चिठ्ठ्या मोकळ्या सुटल्या, आणि ज्या पेशींनी मरावयाचे त्या जगत राहिल्या. दुसरा प्रकार याच्या उलट. मिर-२१ नावाचा मुकादम अनेक गाठींत वाजवीपेक्षा फार वाढलेला असतो आणि वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनांच्याच चिठ्ठ्या तो फाडतो.

आता प्रश्न असा की, कोणता मुकादम कोणती चिठ्ठी अडवतो, हे ओळखावे कसे? येथे संगणक येतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत माणसाचे २,६५४ मायक्रो-आरएनए नोंदलेले आहेत. प्रथिने बनविणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. जोड्या झाल्या पाच कोटी तीस लाखांच्या घरात. प्रयोगशाळेत एकेक जोडी तपासू म्हटले तर पिढ्या जातील.

संगणकाची पहिली रीत म्हणजे अक्षरे जुळवून पाहणे. पण आरएनएची अक्षरे चारच. तेव्हा सात अक्षरांचा कोणताही ठरावीक शब्द सरासरीने दर १६,३८४ अक्षरांमागे एकदा निव्वळ योगायोगानेही येतोच. म्हणून दुसरी रीत अशी की, तीच सात अक्षरे उंदीर, कुत्रा, गाय यांच्या चिठ्ठ्यांतही त्याच जागी टिकली आहेत काय, हे पाहावयाचे. कोट्यवधी वर्षांच्या उलथापालथीत जे टिकले, ते बहुधा कामाचे असते. तिसरी रीत हजेरीपटाची. शेकडो रुग्णांच्या गाठी घ्यावयाच्या. प्रत्येकीत मुकादमाची हजेरी किती आणि चिठ्ठ्या किती, हे मोजावयाचे. जिथे हजेरी वाढते तिथे चिठ्ठ्या घटत असतील, तर संशयास जागा आहे.

श्रोतेहो, आम्ही ‘संशय’ हा शब्द जाणून वापरला. मोंढ्यात तुरीची आवक वाढते त्या दिवशी चहाच्या टपरीवर गर्दीही वाढते. म्हणून चहामुळे तूर आली, असे कोणी म्हणत नाही. शिवाय पाच कोटी तीस लाख जोड्या तपासताना वीसात एक चूक चालेल असे धरले, तर काहीही संबंध नसताना साडेसव्वीस लाख जोड्या संबंध असल्यासारख्या दिसतील! म्हणून जाणता संशोधक कसोटी कितीतरी कडक लावतो, दुसऱ्या रुग्णांच्या गटावर तेच गणित पुन्हा करून पाहतो, आणि शेवटी उरलेल्या मोजक्या जोड्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. संगणक आरोपींची यादी देतो. निकाल प्रयोगच देतो.

याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचा अभ्यास केला. वरून एकच दिसणाऱ्या या रोगाचे आतून चार प्रकार आहेत. त्यांपैकी एका प्रकारात बरे होण्याची आशा पुष्कळ, तर दुसऱ्या एकात ती बरीच कमी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात १२ जनुके आणि ९ मायक्रो-आरएनए यांच्या मोजमापावरून हे प्रकार वेगळे करण्याची चाचणी मांडली आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही चाचणी मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरही चालते. लांब चिठ्ठ्या अशा ठोकळ्यात तुटून जातात. बावीस अक्षरांचा मुकादम आखूड असल्यामुळे टिकून राहतो. असे ठोकळे आपल्या जिल्ह्यांतील तपासणीगृहांतही बनतात.

तथापि ओळख पटली म्हणजे औषध सापडले, असे नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणू पेशीचे एक रक्षक प्रथिन नष्ट करतो, आणि त्या प्रथिनाच्या बळावर उभा राहणारा मिर-३४अ हा मुकादमही त्यामुळे खचतो. हाच मुकादम बाहेरून पुरवावा, असा प्रयोग निरनिराळ्या कर्करोगांच्या रुग्णांवर २०१३ साली अमेरिकेत सुरू झाला. प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया उमटल्यामुळे २०१६ साली तो थांबवावा लागला. नेहमीच्या कर्करोग-तपासणीत मायक्रो-आरएनएच्या चाचणीला अजून स्थान नाही. तेव्हा असल्या चाचणीच्या नावाने कोणी पैसे मागू लागला, तर आधी कर्करोगतज्ज्ञास विचारावे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हजेरीपटाचे गणित ज्यांची नोंद आहे त्यांच्यापुरतेच खरे. अमेरिकेच्या प्रसिद्ध कर्करोग-संग्रहात ३३ प्रकारच्या कर्करोगांचे ११,००० हून अधिक रुग्ण आहेत. तो संग्रह बहुतांशी सर्वांस खुला आहे, आणि नांदेडच्या विद्यापीठातला किंवा लातूरच्या महाविद्यालयातला विद्यार्थी साध्या संगणकावरही त्यावर काम करू शकतो. ही मोठीच गोष्ट. परंतु त्यातील बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे आहेत. गालात तंबाखू धरून दिवसभर पोती वाहणारा आमचा हमाल त्या पटावर नाही. त्याच्या गालाच्या आणि हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांनीच हाती घेतला, आणि २०१३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्या रोगाशी निगडित अशी काही नवी जनुके पुढे आली. संघटनेत आम्ही एक गोष्ट शिकलो: पटावर ज्याचे नाव नाही, त्याचा हक्क कोणी मोजत नाही. विज्ञानातही तेच दिसते.

नोंद केली तर काय होते, हेही आपल्याच भागाने दाखविले आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील गावांची कर्करोग-नोंदणी १९८७ साली सुरू झाली. ती देशातील पहिली ग्रामीण नोंदणी. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. शेजारच्या खेड्यांतील स्त्रियांनी दिलेली ही साक्ष जगाने मान्य केली.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. तोंडात बरी न होणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा दिसला तर दाखवण्यास उशीर करू नये. स्त्रियांनी तपासणीस संकोच करू नये. गाठीचा तुकडा काढला असेल तर अहवाल जपावा आणि मेणाचा ठोकळा कोठे ठेवला आहे, हे विचारून घ्यावे. संशोधनासाठी कोणी संमती मागितली, तर कशासाठी हे समजून घ्यावे, आणि पटल्यास ती द्यावी. आणि नांदेड-लातूरच्या प्रत्येक रुग्णाची नोंद झालीच पाहिजे, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून करावी. गणित कितीही तल्लख असो, ज्याची नोंद नाही त्याची बेरीज ते करू शकत नाही.