खिशातलं वेळापत्रक आणि घरातला धंदा

रमजान लागायच्या आठ-दहा दिवस आधीपासून मरोळमध्ये एक छोटं कार्ड हातोहात फिरू लागतं. मशिदीबाहेर, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर, मेडिकलच्या काउंटरवर ते फुकट मिळतं. एका बाजूला दुकानाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला महिनाभराच्या सहरी आणि इफ्तारच्या वेळा. पहाटे कोणत्या मिनिटाला खाणं थांबवायचं आणि संध्याकाळी कोणत्या मिनिटाला रोजा सोडायचा, हे त्यावर पाहायचं. आमच्या इमारतीत ते लिफ्टशेजारी चिकटवलेलं असतं. सोसायटीची मीटिंग ठरवताना आमचे सेक्रेटरी कुलकर्णी आधी त्यावर नजर टाकतात.

हे कार्ड तयार कोण करतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. आता करतो, कारण आमच्या भागातली काही कार्डं माझी भाची बनवते.

ती बी.कॉम. झाली. सहा महिन्यांचा डिझाइनचा क्लास केला, बाकीचं व्हिडिओ पाहून शिकली. जुना लॅपटॉप हप्त्याने घेतला आणि मरोळ पाइपलाइनच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून असलेल्या टेबलावर ऑनलाइन ग्राफिक डिझाइनचा धंदा सुरू केला. दुकान नाही, पाटी नाही. इन्स्टाग्रामवर कामाचे नमुने, व्हॉट्सअॅपवर बोलणी, यूपीआयवर पैसे. सुरुवातीला घरात कुणाचा विश्वास नव्हता. 'मोबाइलवर बसून कसला धंदा?' असं तिची आई, म्हणजे माझी आपा, रोज म्हणायची.

खरं तर या कामाला मरोळइतकी सोयीची जागा कमी. एका बाजूला एमआयडीसी, जवळच 1973 पासूनचं सीप्झ, मधल्या गल्ल्यांत छपाई आणि पॅकिंगचे गाळे. गावठाणात ईस्ट इंडियन कुटुंबं, बोहरा समाजाची जामिया, कोकणी, उत्तर भारतीय, गुजराती अशी सगळी वस्ती. मेट्रो 1 इथून 2014 पासून धावते, 2024 मध्ये मेट्रो 3 आली, तेव्हापासून मरोळ नाक्यावर दोन्ही मार्ग भेटतात. त्यामुळे गिऱ्हाईक बीकेसीतलं असलं तरी नमुना अर्ध्या-पाऊण तासात हातात देता येतो. सण तर संपतच नाहीत. 2024 मध्ये 9 एप्रिलला पाडवा आणि 11 एप्रिलला ईद होती. 2025 मध्ये 30 मार्चला पाडवा आणि दुसऱ्याच दिवशी ईद. दोन्ही वर्षी या पोरीने एकाच रात्री गुढीही काढली आणि चंद्रकोरही.

पण पहिल्या वर्षीच तिला फटका बसला. एका दुकानदाराने हजार कार्डांचं काम दिलं. तिने वेळांचा तक्ता फाइलमध्ये चिकटवताना शेवटच्या दहा दिवसांत एक ओळ खाली सरकली. म्हणजे प्रत्येक दिवसासमोर आदल्या दिवसाची वेळ. या मोसमात पहाट रोज थोडी थोडी अलीकडे येत असते, त्यामुळे सहरीची वेळ मिनिटभर उशिराची छापली गेली. वाचणाऱ्याला मिनिट म्हणजे काहीच नाही. रोजेदाराला मात्र पहाट उजाडल्यावर घेतलेला एक घोट म्हणजे तो रोजा गेला, पुढे भरून द्यायचा. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी चूक पकडली. कार्डं वाटायची थांबली, पण हजार कार्डं रद्दीत गेली. भाचीने स्वतःच्या पैशाने पुन्हा छापून दिली. अॅडव्हान्स घेतलेला नव्हता, आणि दुकानदार म्हणाला, 'बिलाचं ईदनंतर बघू.' ते बिल बकरी ईदपर्यंत लटकलं. त्या महिन्यात लॅपटॉपचा हप्ता आपाने भरला.

त्या रात्री ती माझ्याकडे येऊन म्हणाली, 'मामू, मी हे बंद करते.'

मला माझे अब्बा आठवले. ते कातिब होते. उर्दू वर्तमानपत्र तेव्हा हाताने लिहिलं जायचं. कलम आणि शाईने सुंदर अक्षरात पान लिहिणारा तो कातिब. 1981 मध्ये कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून मोनोटाइप कंपनीने नूरी नस्तालिक हे कंप्युटरचं अक्षर आणलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कातिबांची गरज संपत गेली. अब्बा शेवटी लग्नपत्रिका लिहायला लागले. पण त्यांची एक सवय सुटली नाही. लिहिलेलं पान ते दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावायचे आणि स्वतः मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे. मी भाचीला एवढंच सांगितलं, की साधन बदललं तरी वाचून घ्यायचं काम कुणी काढून घेतलेलं नाही.

तिने धंदा बंद केला नाही, पण नियम केले. निम्मे पैसे आधी. दुरुस्त्या दोनदाच, तिसऱ्या वेळेला जादा पैसे. वेळापत्रक असेल तर मशिदीच्या जबाबदार माणसाने तपासून 'ठीक आहे' असं लिहून दिल्याशिवाय फाइल प्रेसला जात नाही. प्रेसवाला 'कोरल फाइल कर्व्ह करून दे' म्हणतो, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून दे, नाहीतर त्याच्या मशीनवर मराठीचे जोडाक्षर फुटतात. एकदा कर्व्ह केलं की मजकूर टाइप करून दुरुस्त करता येत नाही, म्हणून वाचन त्याआधी. स्क्रीनवरचा हिरवा कागदावर मळकट उतरतो, म्हणून रंग छपाईच्या चार शाईंच्या हिशेबाने निवडायचे. फोटो 300 डीपीआयचे हवेत, व्हॉट्सअॅपवरून आलेला लोगो चालत नाही.

अक्षरांच्या बाबतीत आपण मुंबईकर नशीबवान. मरोळपासून जवळ, पवईच्या आयआयटीत 1969 मध्ये आयडीसी ही डिझाइनची शाळा सुरू झाली. तिथे शिकवणारे कवी र. कृ. जोशी यांनी विंडोजसोबत येणारा 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला. मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्ता' आणि 'बालू' हे फाँट सर्वांना मोफत वापरायला दिले, धंद्यासाठीसुद्धा. उर्दूसाठी गूगलचा नस्तालिक मोफत आहे. नव्या पोरांनी चोरीचे फाँट वापरायचं कारण उरलेलं नाही. हल्ली एआय दोन सेकंदांत चित्र काढून देतं, पण त्यातलं उर्दू किंवा मराठी वाचून पाहा, मग कळेल माणूस का लागतो.

सरकारी बाजूही तिने शिकून घेतली. उद्यम पोर्टलवर आधारच्या मदतीने नोंदणी होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही; पैसे मागणारा दलाल असेल तर उठून यावं. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं. भाचीने अजून कुणाकडून व्याज मागितलेलं नाही. बिलावर एक ओळ मात्र ती छापते, आणि ती वाचून बरेच जण वेळेवर पैसे देतात.

आणखी एक गोष्ट तिला जकातीने शिकवली. वर्षभर शिल्लक राहिलेली रक्कम ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तिच्या अडीच टक्के गरजूंना द्यायची, ही जकात. बहुतेक लोक ती रमजानमध्ये काढतात. पहिल्या वर्षी हिशेबाला बसली तर घरखर्च, धंदा, आपाचे पैसे सगळं एकाच खात्यात. शिल्लक किती, कुणाकडून येणं किती, काहीच सांगता येईना. आता धंद्याचं खातं वेगळं आहे आणि येणं वहीत लिहिलेलं. यंदा तिची पहिली जकात निघाली. रक्कम फार मोठी नाही, पण मोजताना आपा शेजारी बसली होती. 'मोबाइलवरचा धंदा' हे शब्द त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकले नाहीत.

मजुराला त्याचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, अशी शिकवण आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. लॅपटॉपवर काम करणाऱ्याचा घाम दिसत नाही, म्हणून ती विसरायला होते. पत्रिका असो, वाढदिवसाचा बॅनर असो की गणेशोत्सवाची पावती, ज्या पोराने किंवा पोरीने रात्री जागून ते केलं असेल, त्याचं बिल तुमच्याकडे पडून असेल तर ते आज चुकतं करा. ईदला त्यांच्या घरीही शीरखुर्मा व्हायचा आहे, पाडव्याला श्रीखंडही.