पूर्वसंकेत हरवतो तेव्हा : सॉफ्टवेअर रेडिओ आणि सागरी सुरक्षा

मोठे जहाज समुद्रातून जाताना आपले स्थान, वेग व दिशा रेडिओ लहरींद्वारे सतत जाहीर करीत असते. 'स्वयंचलित ओळख प्रणाली' अर्थात 'एआयएस' या नावाने ही व्यवस्था ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजांना ती २००४ अखेरपर्यंत बंधनकारक झाली. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर भारतात सागरी देखरेखीला नवे महत्त्व आले आणि किनाऱ्यावरील ७४ दीपगृहांवर या प्रणालीची केंद्रे उभी राहिली. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या मुनंबमजवळील समुद्रात जहाजाची धडक बसून 'ओशनिक' ही मासेमारी नौका बुडाली व अनेक मच्छीमारांचा बळी गेला. लहान नौका इतरांना दिसणे हा त्यांच्या जगण्यामरणाचा प्रश्न आहे.

पूर्वी असे संदेश वाचण्यासाठी खास यंत्रे लागत. सॉफ्टवेअर रेडिओमध्ये लहरींचे अंकांत रूपांतर करून उर्वरित काम संगणकावर होते. 'जीएनयू रेडिओ' ही मुक्त आज्ञावली २००१ पासून उपलब्ध आहे. दूरदर्शन संचांसाठी बनविलेले स्वस्त डोंगल या कामी वापरता येतात, हे २०१२ च्या सुमारास सर्वज्ञात झाले. त्यामुळे असा रिसीव्हर अभियांत्रिकी महाविद्यालयांच्याही आवाक्यात आला. मात्र यंत्र जोडले, अँटेना उभारली, तरी संदेश येत नाहीत, ही तक्रार नित्याची असते. दोष बहुधा संदेशाची सुरुवात ओळखण्यात असतो.

सुरुवात कशी ओळखली जाते?

या प्रणालीत एका मिनिटाचे २,२५० भाग पाडलेले असतात. प्रत्येक भाग सुमारे २६.६७ मिलिसेकंदांचा असून त्यात २५६ बिट मावतात. प्रसारणाचा वेग सेकंदाला ९,६०० बिट असतो. मजकुराआधी ०१०१ अशा क्रमाचे २४ बिट येतात. हा पूर्वसंकेत म्हणजेच प्रिअँबल होय. त्यामागून ०१११११०० नव्हे, तर नेमकी ०११११११० ही आठ बिटांची खूण येते. पूर्वसंकेतावरून रिसीव्हर आपले घड्याळ संदेशाशी जुळवून घेतो आणि खुणेवरून मजकूर कोठे सुरू होतो ते ठरवितो. सुरुवात चुकली, की पुढील सर्व बिट निरर्थक ठरतात.

दोष कोठे शोधावा?

पहिला संशय वारंवारतेवर घ्यावा. डोंगलमधील स्फटिकात दशलक्षात ५० भागांची चूक असेल, तर १६२ मेगाहर्ट्झवर संदेश सुमारे ८ किलोहर्ट्झ सरकतो. मार्गिकेची रुंदीच २५ किलोहर्ट्झ असल्याने हे सरकणे घातक ठरते. त्याच स्फटिकामुळे घड्याळातही तेवढीच चूक होते. परंतु २५६ बिटांच्या छोट्या संदेशात ती एका बिटाच्या पावणेदोन शतांशांपर्यंतही पोहोचत नाही. म्हणून घड्याळाची आज्ञावली पुनःपुन्हा बदलण्याआधी वारंवारता दुरुस्त करावी.

दुसरा दोष संकेतनाचा. येथे शून्यासाठी पातळी बदलते आणि एकासाठी ती तशीच राहते. त्यामुळे ०१०१ हा क्रम प्रत्यक्ष लहरीत ००११ असा उमटतो. कागदावरचा क्रम लहरीत शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

तिसरा दोष किमान मर्यादेचा. अपेक्षित क्रम व आलेली लहर यांचा सहसंबंध ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की पूर्वसंकेत सापडला असे मानले जाते. केवळ आठ बिटांच्या खुणेवर विसंबल्यास निव्वळ गोंगाटातही सेकंदाला सरासरी ३७ वेळा आभास होतो. पूर्वसंकेताचे शेवटचे १६ बिट जोडीला घेतले, तर असा आभास सुमारे अर्ध्या तासातून एकदाच होतो. मर्यादा फार उंच ठेवली, तर खरे संदेशही निसटतात.

चौथा दोष सहज ध्यानात येत नाही. संगणक नमुने तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. दोन तुकड्यांच्या सीमेवर आलेला पूर्वसंकेत, आधीच्या तुकड्याचा शेवट जपून न ठेवल्यास, नाहीसा होतो.

तपासणीसाठी लहरींचे नमुने एकदा नोंदवून ठेवावेत आणि प्रत्येक बदल त्याच नोंदीवर पारखावा. किती पूर्वसंकेत सापडले व त्यांपैकी किती संदेश अखेरच्या १६ बिटांच्या पडताळणीत उतरले, हे वेगवेगळे मोजावे. पूर्वसंकेतच थोडे असतील, तर अँटेना, वारंवारता किंवा क्रम तपासावा; पूर्वसंकेत पुष्कळ पण संदेश थोडे असतील, तर मर्यादा व घड्याळ तपासावे.

सरासरीमागे लपलेली नौका

मोठ्या जहाजावरील संच १२.५ वॅट शक्तीने, चालू असताना २ ते १० सेकंदांनी संदेश देतो. लहान नौकांवरील 'ब' वर्गाचा सर्वसाधारण संच २ वॅटचा असून तो चालत्या नौकेवरून ३० सेकंदांनी बोलतो. जवळच्या बलवान लहरी पाहून मर्यादा ठरविली, तर दिवसभराच्या संदेशांची एकूण संख्या भरघोस दिसते. गळतात ते लहान नौकांचे क्षीण संदेश. म्हणून सहसंबंधाला त्या क्षणीच्या एकूण लहरशक्तीने भागून मर्यादा सापेक्ष ठेवावी आणि दोन्ही वर्गांची मोजणी स्वतंत्रपणे करावी. दरडोई सरासरी उत्पन्नातून गरिबाची स्थिती कळत नाही. येथेही तसेच आहे.

किनाऱ्यावरील केंद्रांची संख्या वाढविणे आवश्यकच आहे. पण त्यांची गुणवत्ता सर्वांत दुर्बळ संदेशावरून जोखली गेली पाहिजे. त्यासाठी लागणारे कौशल्य महागड्या यंत्रांत नाही. तटवर्ती राज्यांतील तंत्रनिकेतने व महाविद्यालये ते अभ्यासक्रमातून देऊ शकतात. तसे झाल्यास सागरी सुरक्षेचा लाभ मोठ्या जहाजांप्रमाणेच पहाटे जाळे घेऊन निघणाऱ्या छोट्या नौकेपर्यंतही पोहोचेल.