शालेय स्नेहसंमेलनातील लोकनृत्ये : पाहावीत कशी?

डिसेंबर-जानेवारीत गावोगावच्या शाळांत स्नेहसंमेलने भरतात. कार्यक्रमपत्रिकेत लेझीम, तारपा, लावणी ही नावे हमखास असतात. आपण पालक आपल्या पाल्याचा नंबर आला की टाळ्या वाजवतो, फोटो काढतो व घरी परततो. परंतु हे नृत्य कोणाचे, ते कोणत्या श्रमातून आले, हे जाणून पाहिले तर तोच कार्यक्रम मुलांना इतिहासाचा धडा देऊ शकतो.

प्रथम लेझीम घेऊ. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी आणि साखळीत खुळखुळणाऱ्या चकत्या, एवढेच हे साधन. हातात वाद्य आणि अंगाला व्यायाम, म्हणून शाळेच्या कवायतीत तिला स्थान मिळाले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातील लेझीमपटू खेळले. पण लेझीम चालते हलगीवर. हलगीची चाल बदलली की रांग वाकते, वळते, बसते. हलगी हे कातडी वाद्य. गावगाड्यात ते वाजवण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींकडे होते. गावाला ताल हवा होता, वाजवणारा मात्र वेशीबाहेर राहिला.

तारपा हे वारली बांधवांचे वाद्य. वाळलेला भोपळा, बांबू व ताडाचे पान यांपासून ते बनते. एकमेकांच्या कमरेला हात गुंफून स्त्री-पुरुष वादकाभोवती फेर धरतात. येथे पुढचा-मागचा असा मान नाही. शाळेत हा फेर मोडून प्रेक्षकांसमोर सरळ रांग केली, तर नृत्याचा आत्माच हरवतो.

लावणीविषयी आपल्याकडे संकोच आहे. तो समजण्यासारखा आहे, कारण तमाशात राबलेल्या स्त्रियांच्या वाट्याला टाळ्यांबरोबर अवहेलनाही आली. पठ्ठे बापूरावांचे नाव सर्वांना माहीत असते. त्यांच्या फडाला कीर्ती मिळवून देणारी पवळा महार समाजातील होती, हे किती जण सांगतात? विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. याच परंपरेतील ढोलकी व शाहिरी ढंग घेऊन भीमराव कर्डक आदींनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे केले व शिक्षणाचा, स्वाभिमानाचा विचार वस्तीवस्तीत नेला. म्हणजे दोष कलेचा नसून ती राबवून घेणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आमच्या भागातील एका शाळेच्या संमेलनात मी पाहिले, नृत्य बसविणाऱ्या बाईंचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार झाला. ते योग्यच. परंतु तासभर हलगी वाजवणारे वृद्ध गृहस्थ पडद्याच्या कडेला उभेच होते. त्यांचे नाव शेवटपर्यंत पुकारले गेले नाही. ज्यांच्या तालावर शंभर मुले नाचली, त्यांना बसायला खुर्ची नव्हती.

तेव्हा पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, नृत्याआधी ते कोणत्या समाजाचे हे दोन वाक्यांत सांगण्याची विनंती शाळेस करावी. दोन, वादकाचे नाव पत्रिकेत छापण्याचा व त्याला योग्य मानधन देण्याचा आग्रह धरावा. तीन, घरी आल्यावर "छान नाचलास" एवढ्यावर न थांबता "ते वाद्य कोण वाजवत होते?" असे मुलाला विचारावे.

पोशाख भाड्याने मिळतो, पावले आठवड्यात शिकता येतात. माणसाचा मान मात्र शिकवावाच लागतो. तो शाळेच्या रंगमंचावर शिकवला गेला, तर संमेलन या शब्दाला खरा अर्थ येईल.