शाळेच्या मैदानापासून व्यावसायिक बेसबॉलपर्यंत : मधल्या पायऱ्या



द पर्लमध्ये गुरुवारी संध्याकाळी पोर्टो अरेबियाच्या धक्क्यावर चार मराठी माणसं जमली की विषय मुलांच्या मार्कांचा. हल्ली त्यात खेळही शिरलाय. आमच्या टॉवरमधल्या एका मित्राचा मुलगा दहावीत आहे. वर्गमित्रांच्या नादाने बेसबॉल खेळतो आणि बरा खेळतो म्हणे. मित्राने सरळ विचारलं, "ह्यात पुढे काही आहे का रे? की गपचूप इंजिनिअरिंगला घालू?" त्याला तोंडी सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो.

उदाहरण घेऊ अर्जुन निम्मलाचं. भारतातून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांचा मुलगा, फ्लोरिडातल्या स्ट्रॉबेरी क्रेस्ट हायस्कूलचा शॉर्टस्टॉप. जुलै २०२३ मध्ये टोरांटो ब्लू जेजने त्याला मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत, विसाव्या क्रमांकावर निवडलं. वय १७! फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाकडून खेळायचं ठरलं होतं, ते सोडून त्याने सुमारे ३० लाख डॉलरच्या करारावर सही केली.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे बरं का. इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने मुलं निवडतात आणि निवडलेल्या मुलाने त्याच संघाशी बोलणी करायची.

आपण बातमी वाचतो आणि म्हणतो, "पोरगा पोचला!" पण तो नुसता पहिल्या पायरीवर उभा राहिलेला असतो. खाली रुकी लीग, मग ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि त्यानंतर मेजर लीग. अर्जुन २०२४ मध्ये डनेडिनला ए पातळीवर खेळला. सुरुवातीला बॅट चालेना, मध्येच खालच्या पातळीवर जावं लागलं. परत आला आणि हंगामात एकूण १७ होम रन मारले. २०२५ चा हंगाम व्हँकूवरला, हाय-ए मध्ये. म्हणजे दोन वर्षांत दोन पायऱ्या, तेही पहिल्या फेरीतल्या मुलाच्या!

आणि मोठा बोनस थोड्यांनाच मिळतो. २०२३ च्या करारानुसार ए पातळीचा किमान पगार वर्षाला २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-ए चा ३५,८००. दोह्यातल्या आपल्या घरभाड्याशी ताडून पाहा :-)

आपल्याकडचं उदाहरण कल्याणच्या प्रणव धनावडेचं. जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९! रिक्षाचालकाचा मुलगा जगभर गाजला, मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा होईनात, तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनीच ती थांबवा म्हणून कळवलं. मला त्या घराचा फार आदर वाटतो. पण पंधराव्या वर्षी केवढं ओझं ते! शाळेतला विक्रम पुढच्या पायरीवर कामाला येईलच असं नाही.

आता दोहाकरांसाठी कामाचं. ड्राफ्ट मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोतल्या मुलांसाठी असतो. बाहेरच्या मुलाला सोळाव्या वर्षापासून संघ थेट करारबद्ध करू शकतो, पण त्यासाठी आधी कुणाच्या तरी नजरेत भरायला हवं. दुसरी वाट अमेरिकेतल्या कॉलेजची. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला मुलगा तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकविसाव्या वर्षी पुन्हा ड्राफ्टला पात्र होतो. म्हणजे अठराव्या वर्षी "नाही" म्हटलं तर दार कायमचं बंद होत नाही. आणि सही केलीच, तर करारात कॉलेजच्या खर्चाची तरतूद करून घेता येते. ती करून घ्यावीच.

मित्राला मी एवढंच म्हटलं : होम रन मोजत बसू नकोस. पुढच्या वर्षी तो स्वतःपेक्षा सरस मुलांसमोर कुठे खेळेल, ते आधी शोध. तशी जागा सापडली तर दोन वर्षं मनापासून खेळू दे. अभ्यास मात्र कॉलेजात प्रवेश मिळेल इतका चालू राहायला हवा.

कुणाची मुलं ह्या वाटेवर असतील तर जरूर लिहा.

आपला,
एक पर्लकर