नट ब्राउन एल : खमंगपणा दाण्यांचा की माल्टचा?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील परमिट रूममध्ये बिअर म्हणजे बहुधा थंडगार सोनेरी लागर, आणि तिच्या जोडीला खारे शेंगदाणे, असे समीकरण असल्यामुळे ‘नट ब्राउन एल’ हे नाव ऐकणाऱ्याचा पहिला समज असा होतो की, या तपकिरी बिअरमध्ये दाणे किंवा सुकामेवा घातलेला असावा. वस्तुतः तिच्या बहुतेक प्रकारांत पाणी, माल्ट, हॉप्स व यीस्ट यांपलीकडे काही नसते. सातूचे दाणे भिजवून, मोड आणून वाळवले की त्यांना माल्ट म्हणतात. नाचणीसत्त्व करणाऱ्या घरांना ही रीत अपरिचित नाही. फिकट माल्ट साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसला वाळवतात, तर अतिगडद माल्ट २०० अंशांच्या पुढे भाजतात. या उष्णतेत धान्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात घडणाऱ्या ज्या प्रक्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केले, तिच्यातून तपकिरी रंगद्रव्ये आणि पायराझिन नावाची गंधद्रव्ये तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्याच्या खमंग वासातही पायराझिनांचाच मोठा वाटा असल्याने, चाखणाऱ्याला होणारा दाण्यांचा भास सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही.

अर्थात अपवाद आहेत. अमेरिकेतील रोग या ब्रुअरीच्या ‘हेझलनट ब्राउन नेक्टर’मध्ये हेझलनटचा अर्क वापरला जाई, तेव्हा सुकामेव्याची ॲलर्जी असणाऱ्याने केवळ प्रकारावर विसंबून न राहता बाटलीवरील घटक वाचलेच पाहिजेत.

गडद रंगाची बिअर अधिक ‘कडक’ असते, हा समजही तितकाच पक्का आणि तितकाच निराधार आहे. रंग थोड्याशा गडद माल्टनेही येतो. मद्यार्काचे प्रमाण मात्र यीस्टने किती साखर आंबवली यावर ठरते. १९२७ मध्ये बाजारात आलेल्या इंग्लंडच्या न्यूकॅसल ब्राउन एलमध्ये मद्यार्क ४.७ टक्क्यांच्या आसपास असतो, तर ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी फिकट भारतीय बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते.

बिअर बर्फासारखी गार हवी, हा आग्रह वैशाखात पारा चाळिशीपुढे जाणाऱ्या बदलापुरात समजण्यासारखा आहे. पण अतिथंड द्रवातून गंधद्रव्ये फारशी उडत नाहीत आणि जिभेलाही बधिरता येते. १० ते १३ अंशांच्या दरम्यान ब्राउन एलमध्ये आधी बिस्किटाचा व भाजक्या दाण्यांचा वास, मग कॅरॅमलचा हलका गोडवा आणि शेवटी हॉप्सचा सौम्य कडवटपणा, असा क्रम जाणवू शकतो. सोबतच्या चखण्यात तिखट-लिंबू असेल तर हा नाजूक खमंगपणा झाकला जातो, आणि मिठामुळे कडवटपणाही मंदावतो. म्हणून पहिले दोन घोट शेंगदाण्यांना हात लावण्याआधी घेतलेले बरे.