चार्ल्सटन : पुढचं दार, मागचं अंगण

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर चार्ल्सटन वसलं आहे. इंग्रजांची ही वसाहत १६७० सालची. दहा वर्षांनी ती आजच्या जागी हलवली गेली. या शहराची खरी ओळख त्याच्या घरांत आहे. 'सिंगल हाऊस' म्हणून ओळखलं जाणारं इथलं घर एका खोलीइतकंच रुंद असतं. अरुंद बाजू रस्त्याकडे, बाकी घर आत लांबवर पसरलेलं. रस्त्यावरचं दार ढकललं की थेट दिवाणखाना येत नाही, लांब व्हरांडा येतो. इथे त्याला 'पियाझा' म्हणतात. उन्हाळ्याच्या दमट उकाड्यात वारा मिळावा म्हणून तो सहसा दक्षिणेला किंवा पश्चिमेला असतो. शेजाऱ्याच्या पियाझाकडच्या भिंतीला मात्र खिडक्या मोजक्याच. तिकडे डोकवायचं नाही, हा इथला शेजारधर्म.

१८८६च्या भूकंपानंतर अनेक घरांच्या भिंती लोखंडी सळ्यांनी आवळल्या गेल्या. त्या सळ्यांच्या टोकांच्या चकत्या आजही बाहेरून दिसतात. १९३१ मध्ये शहराने जुन्या वस्तीच्या रक्षणासाठी कायदा केला. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिलाच.

पियाझाला लागून विटांच्या भिंतींआड छोटी बाग. कॅमेलिया, अझेलिया, चढवलेली जाई आणि गुलाब. 'न्वाझेत' गुलाबांच्या घराण्याचा उगम इथलाच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका भातशेती मालकाच्या बागेतला. या बागांची नक्षीदार लोखंडी फाटकं बघत तासन्‌तास फिरावं. त्यांतली कितीतरी फिलिप सिमन्स या कृष्णवर्णीय लोहाराने घडवली. २००९ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या हातची पाचशेहून अधिक कामं मागे होती.

पण बाग ओलांडून मागच्या अंगणात गेल्याशिवाय चार्ल्सटन कळत नाही. तिथे वेगळं स्वयंपाकघर असे आणि गुलामांच्या खोल्याही. एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या एकेन-रेट हाऊसमध्ये या मागच्या इमारती फारशा न बदलता जपल्या आहेत. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे चाळीस टक्के याच बंदरातून आले, असा अंदाज आहे. शहराची श्रीमंती भातावर उभी राहिली. पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना भातशेतीची जाण होती. दलदल उपसून खाचरं त्यांनीच उभी केली. भात पाखडायला ते गवताच्या गोल टोपल्या विणत, म्हणजे आपलं सूपच.

त्यांच्या वंशजांना गल्ला-गीची म्हणतात, आणि चार्ल्सटनच्या ताटावर त्यांचीच मोहोर आहे. टोमॅटोत शिजवलेला लाल भात, भेंडीचं सूप, मक्याच्या भरड्याच्या लापशीवर परतलेली कोळंबी, तिळाची कुरकुरीत बिस्किटं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-तांदळाचा 'हॉपिन जॉन' घरोघरी शिजतो, बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून. भेंडी, तीळ, चवळी, तांदूळ: मराठी माणसाला हे ताट परकं वाटणार नाही.

टोपल्याही अजून विणल्या जातात. कूपर नदीपलीकडे माउंट प्लेझंटच्या हमरस्त्यालगत विणकर बायकांचे ठेले आहेत. स्वीटग्रास, पाइनच्या सुया आणि पामच्या पात्या. हत्यार म्हणून बहुधा चमच्याची तासलेली दांडी. किनाऱ्यावर बंगले आणि रिसॉर्टं वाढली तसं हे गवत मिळणं दुरापास्त झालं. शहर घरांच्या भिंती जितक्या निगुतीने जपतं, तितक्याच निगुतीने या गवताची राखण व्हायला हवी होती.

गुलामगिरीचा भूतकाळ या शहराला अजून सोडत नाही. २०१५च्या जूनमध्ये इथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची एका वर्णद्वेष्ट्याने हत्या केली. २०१८ मध्ये नगर परिषदेने गुलामगिरीतल्या शहराच्या वाट्याबद्दल माफी मागितली. गुलामांची जहाजं जिथे लागत, त्या गॅड्सडेन धक्क्याच्या जागी २०२३ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालय उघडलं.

जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये जावं; तेव्हा बागा फुललेल्या असतात आणि अनेक खासगी घरंही तिकीट काढून बघता येतात. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे, ते टाळावेत. आणि टोपली घ्यायची झाली तर विणणारीकडूनच घ्यावी, तिने सांगितलेल्या किमतीला. एकेका टोपलीत कित्येक दिवसांची मेहनत असते.