चामोर्शीचा पाऊस समुद्रावर मोजायचा तर

जुलै उजाडला की गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात धानाचे पऱ्हे तयार असतात. रोवणी अडते ती बांधीत पाणी नसल्याने. ते पाणी बहुधा बंगालच्या उपसागरावर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांतून येते. तो समुद्र इथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. ही क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड ओलांडत वायव्येकडे सरकतात आणि सर्वाधिक पाऊस त्यांच्या नैर्ऋत्य अंगाला पडतो. केंद्र छत्तीसगडावर आले की गडचिरोली नेमका त्याच अंगाला सापडतो.

मग हे क्षेत्र समुद्रावर असतानाच त्याच्या पोटात काय चालले आहे, हे कळावे कसे? नागपूर, विशाखापट्टणम, भुवनेश्वर इथून हवामान खाते फुगे सोडून वरच्या हवेची मोजणी करते. भर समुद्रात तशी सोय नाही. जहाजे खवळलेला समुद्र टाळतात. उपग्रहाला ढगांचे माथे दिसतात, पण त्यांच्याखालचे वारे नीट दिसत नाहीत. तिथे विमानच हवे.

विमानातून ड्रॉपसोंड सोडतात. हातभर लांबीची नळी, वर छोटे पॅराशूट, आत तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारी उपकरणे. खाली येताना वारा तिला जसा ढकलतो, त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतात. दहा-पंधरा मिनिटांत ती पाण्यात पडते, तोवर प्रत्येक थराची नोंद रेडिओवरून विमानात पोहोचलेली असते.

आपल्या समुद्रांवर हे घडलेले आहे. १९७९च्या ‘मोनेक्स’ या मान्सूनच्या अभ्यासमोहिमेत अमेरिकेची संशोधक विमाने आधी मुंबईहून अरबी समुद्रावर आणि जुलैत कोलकात्याहून बंगालच्या उपसागरावर उडाली. ५ ते ८ जुलैदरम्यानचे कमी दाबाचे क्षेत्र त्यांना ऐन वेळी गाठता आले. त्या नोंदींवर पुढे कितीतरी शोधनिबंध लिहिले गेले. अशा क्षेत्राचा गाभा खालच्या थरांत भोवतालापेक्षा थंड आणि वर उबदार असतो. ही रचना हवामानाच्या मॉडेलमध्ये नीट उतरली, तरच पावसाचा अंदाज जमतो.

पण मोहीम संपली की विमाने परत जातात. अमेरिकेत १९४३ साली पहिले विमान मुद्दाम चक्रीवादळात शिरले आणि आज तिथे हे काम नेमाने चालते. आपल्याकडे अशी कायमची सोय नाही. इकडे याच पावसाने वैनगंगेला पूर आला की आष्टीपर्यंतची गावे धास्तावतात. त्यांना एक दिवस आधी मिळालेली खात्रीची सूचना लाखमोलाची. या कामासाठी देशाचे स्वतःचे विमान असावे, ही मागणी किनाऱ्याच्या खासदारांइतकीच गडचिरोलीच्या खासदारांनीही संसदेत लावून धरावी.